माझ्यामुळे रद्द झालेले प्रयोग

झालेला प्रयोग हारतुऱ्यांबरोबर दुसऱ्या दिवशी सुकतो; रद्द झालेला मात्र वर्षानुवर्षं ताजा राहतो. आमच्या घरात लोणच्याच्या बरण्यांपेक्षा असे किस्सेच जास्त साठलेत. आमचे हे नोकरी सांभाळून कोल्हापुरातल्या एका हौशी मंडळात नाटकं करतात. सध्याच्या नाटकात ते वडील आहेत. मला ते नाटक एकदा शेवटपर्यंत बघायचं होतं, एवढंच. पण मी चपला घातल्या, की प्रयोग रद्द! शेवट विचारला, की हे म्हणायचे, येऊन बघ.

पुढंपुढं तर दिग्दर्शक बापू तारीख ठरली, की फोन करायचे, "वहिनी, तुम्ही येणार न्हाय न्हवं?"

मी म्हणायचे, देवाच्या मनात असेल तर येईन.

"मग त्याला सांगा, हाऊसफुल्ल हाय."

*

इचलकरंजीला हॉलवाल्यांनी एकाच दिवशी आमचं नाटक आणि एक साखरपुडा, दोन्ही घेतलं होतं. नाटक रद्द झालं, पण मुलीकडच्यांना आमचा दिवाणखान्याचा सेट फार आवडला. असू दे म्हणाले. सोफ्यावर नवरानवरी बसले. हे पांढरा टोप लावून तिथंच पाणी पीत उभे. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीचे आजोबा. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाचे. दोन्हीकडचे पाया पडून गेले, आणि हे नारळ, टॉवेल, टोपी घेऊन बाहेर आले.

"अहो, घेतलंत कसं?"

"मेकअप उतरवला नव्हता की अजून!"

*

कुरुंदवाडला नाटकात यांची बायको होणाऱ्या सुलभाताईंची गाडी वाटेत बंद पडली. प्रयोग रद्द. लोक काही उठेनात. नाटक नाही तर निदान गोष्ट सांगा म्हणाले. बापूंनी पडद्यासमोर उभं राहून पंधरा मिनिटांत सगळी गोष्ट सांगितली. बायका डोळे पुसत होत्या. मी मात्र तेवढ्यात नरसोबाच्या वाडीला दर्शनाला गेलेली, त्यामुळे शेवट तेव्हाही हुकला.

जाताना एक म्हातारबाबा बापूंचा हात धरून म्हणाले, "गोष्ट झ्याक हाय, पावणं. बरं झालं, नाटक केलं न्हाईसा."

*

माझ्या सोळा सोमवारांच्या उद्यापनाच्या दिवशीच संध्याकाळी मलकापूरला प्रयोग होता. जेवणं उरकून मी जाणार होते. दुपारीच फोन आला, तिथलं छत गळतंय. सामानाचा टेम्पो आणि सगळी मंडळी आमच्या दारात. एक मेहूण आयत्या वेळी आलं नव्हतं, म्हणून मी सुलभाताईंना आणि त्यांच्या नवऱ्याला, दिनकररावांना, बसायला सांगितलं. दिनकरराव नाटकात लाइट बघतात.

वाढायला आले तर काय? पाटावर सुलभाताई आणि शेजारी आमचे हे! दिनकरराव सवयीनं भिंतीशी, बटणापाशी उभे.

यांना म्हटलं, अहो, तुम्ही यजमान, उठा. दिनकरराव संकोचून पाटावर बसले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, हिच्याशेजारी उजेडात आज पहिल्यांदाच बसतोय बघा."

*

आणि मागच्या जूनमधला प्रयोग. शहरातच, दुपारचा. त्या दिवशी वटपौर्णिमा. वड पुजून, उपाशीपोटी मी थेट नाट्यगृहात जाऊन तिसऱ्या रांगेत बसले. दहाव्या मिनिटाला बाहेर ट्रान्सफॉर्मर उडाला. आज वीज येत नाही म्हणाले. प्रेक्षक गेले. मीही उठले, तर बापूंनी हात जोडले.

"बसा वहिनी. रद्द तर झालाच हाय. आता तुमच्यानं आणि काय बिघडणार?"

सगळी दारं उघडून उजेड आत घेतला आणि माझ्या एकटीसाठी नाटक पहिल्यापासून सुरू झालं. काय सांगू! हे किती सुंदर बोलतात. घरी तर चार शब्द. मी हसले, रडले, डोळे पुसायचं विसरले. शेवटच्या प्रवेशात मुलाची समजूत काढता काढता यांनी छातीवर हात ठेवला आणि सोफ्यावर मान टाकली.

मी ताडकन उभी राहिले. "अगं बाई!" तोंडातून निघूनच गेलं.

मुलगा झालेला संदीप हंबरडा फोडायला वाकला होता. यांनी डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं आणि सावरून बसले.

संदीप दबक्या आवाजात म्हणाला, "काका, मरायचं हाय की हितं."

"आज न्हाय जमायचं," हे म्हणाले. "तिचा वडाचा उपास हाय."