पायांसाठी वेगळी खोली

बाकमामांना मी पहिल्यांदा पाहिलं ते तिसरीच्या वर्गात, शेवटच्या बाकावर. शाळा भरायला पाऊण तास होता. वह्यांचा गठ्ठा ठेवायला मी वर्गात शिरले, तर सहा फूट उंच एक माणूस गुडघे जवळजवळ हनुवटीला लावून आठ वर्षांच्या मुलांच्या बाकावर बसलेला. नजर फळ्यावर, आणि बोटाने बाकाच्या फळीवर काहीतरी गिरवणं चाललेलं.

"कोणाला भेटायचंय?" मी जरा करड्या आवाजातच विचारलं.

ते गडबडीने उठायला गेले, तर बाकही त्यांच्याबरोबर उठला. तो पायांतून सोडवत ते म्हणाले, "कोणाला नाही, बाई. तिसरीत नापास झालो होतो, म्हणून परत बसलोय."

मग शेजारी ठेवलेली हत्यारांची पिशवी मला दिसली. ते शाळेचे सुतार होते. आमच्याच नव्हे, आसपासच्या सात-आठ शाळांचे बाक ते करत आणि दुरुस्त करत. मुलांनी त्यांचं नाव बाकमामा ठेवलं होतं, आणि हळूहळू शिक्षकांच्या खोलीतही तेच रुळलं. दुरुस्त केलेल्या प्रत्येक बाकावर स्वतः बसून पाहायचं, हा त्यांचा नेम. एका सुट्टीत त्यांनी एकशेचाळीस बाक नीट केले आणि एकशेचाळीस वेळा बसले. "लाकूड हाताला कळतं, बाई," ते म्हणायचे, "पण बाक बसल्याशिवाय कळत नाही."

मी निवृत्त झाले, पाठोपाठ त्यांनीही बाहेरची कामं सोडली. त्यांची सुतारकामाची शेड माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, मध्ये फक्त गल्ली. त्यामुळे पुढे जे घडलं, त्यातलं बरंचसं मी भांडी विसळता विसळता पाहिलेलं आहे.

मामी, म्हणजे त्यांची बायको, मुलांचे गणवेश शिवायच्या. ठेंगण्या, गोऱ्या, आणि जीभ कात्रीसारखी. हे घडायच्या तीन वर्षं आधी त्यांच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. चालता येत होतं, उभं राहता येत होतं, पण बसणं तासाभराच्या वर नाही. तास झाला की आडवं व्हायचं, अर्धा तास तरी. डॉक्टरांनी बजावूनच ठेवलं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी गुरांची डॉक्टर. ती राहते ते डोंगराकडचं गाव बसने चौदा तासांवर. रेल्वे तिकडे जातच नाही. आजूबाजूच्या वीस गावांत दुसरा जनावरांचा डॉक्टर नाही, त्यामुळे तिला दवाखाना सोडून चार दिवसही निघता येत नाही. आईच्या ऑपरेशनला आली होती, तेवढीच. त्यानंतर तिला मुलगी झाली. नात अडीच वर्षांची होईपर्यंत मामींनी तिला फक्त फोनवर पाहिलं होतं. ती पोर मामींना 'फोनआजी' म्हणायची. ऐकायला गोड होतं, पण ते नाव ऐकलं की मामी फोन मामांच्या हातात देऊन उगाच ओट्याकडे वळायच्या.

"एकदा हिला मांडीवर घ्यायचंय," त्या मला म्हणाल्या होत्या. "मांडी घालून तासभर बसता येतंय, तोवरच."

एका सकाळी मामांच्या शेडसमोर एक जुना पिकअप येऊन उभा राहिला. रोपवाटिकेच्या कुंड्या वाहून वाहून त्याच्या हौद्याला मातीचा रंग चढला होता. मामी दारात आल्या.

"हा काय नवा भुंगा?"

"याच्यात खोली करतो," मामा म्हणाले. "तासभर पुढे बसायचं, तास झाला की गाडी बाजूला घ्यायची, मागे जाऊन झोपायचं. दोन दिवसांचा रस्ता चार दिवसांत करू. आपल्याला कुठे घंटा गाठायचीय?"

"आणि तुमचे डोळे?"

"दिवसाउजेडी चालवायची. डॉक्टरांनी परवाच तपासलेत."

गल्लीने नेहमीप्रमाणे मत दिलं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला, "म्हातारचळ, दुसरं काय." मामांच्या कानावर ते गेलं. ते त्याच्याकडून जुन्या चादरीचे तुकडे मागून घेऊन आले, पॉलिश पुसायला.

पुढचे चार महिने माझी भांडी फार सावकाश विसळली गेली. मामांनी आधी हौदा खरवडून गंज काढला, रंग दिला, तळाला रबराची चटई अंथरली. मग चौकट उभी करून तिच्यावर प्लायच्या भिंती आणि पत्र्याचं छप्पर चढवलं. ऊन तापेल म्हणून छपराच्या आतून फोमचे तक्ते चिकटवले. वर छोटं सौर पॅनेल, आत बॅटरी, तिच्यावर एक पंखा आणि दोन दिवे. चढायला तीन पायऱ्यांची घडीची शिडी, तीही मामींच्या पावलाच्या उंचीची. त्यांनी घरच्या उंबऱ्याशी बसून मामींचा पाय किती उचलला जातो ते खडूने भिंतीवर मांडून घेतलं होतं.

हौदा साडेसहा फूट लांब, जेमतेम पाच फूट रुंद. पुढच्या टोकाला, ड्रायव्हरच्या पाठीमागे, त्यांनी दीड फूट खोल कपाट केलं. त्यात खाली बॅटरी, वर कपडे आणि औषधं. डाव्या बाजूला मामींचा पलंग. उजवीकडे त्यांचा सगळ्यात लाडका भाग, छोटं स्वयंपाकघर. स्टीलचं हात धुण्याचं भांडं, पायाने दाबायचा पाण्याचा पंप आणि कपांना एकेक खोबण. पंप दाखवायला त्यांनी मला तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा मी हात धुतले.

कपाटाची दारं त्यांनी शाळेतल्या मोडीत निघालेल्या बाकांच्या फळ्यांची केली होती. एका दारावर कोणीतरी कर्कटकाने नऊचा पाढा कोरून ठेवला होता, कॉपी करायला. त्यात नऊ साते बासष्ट होतं.

"हा कोण ते मला माहीत आहे," मी म्हणाले. "पेपरातही बासष्टच लिहिले होते. मामा, पॉलिशच्या आधी एवढं दुरुस्त करा."

"राहू द्या, बाई. लाकडाची दुरुस्ती माझी, पाढ्याची तुमची. तुमची राहून गेली."

मामी मात्र एवढ्या दिवसांत एकदाही आत डोकावल्या नाहीत. "पूर्ण झालं की बघेन," म्हणायच्या. आपण आशा लावून बसायचं आणि पाठीने दगा द्यायचा, याची त्यांना धास्ती होती, असं मला वाटतं.

पूर्ण झालं त्या दुपारी मामांनी आम्हा दोघींना बोलावलं. मामी शिडी चढल्या, एकदाही न अडखळता. पलंगावर आडव्या झाल्या. डावा हात वर गेला, तिथे बरोबर लाकडी मूठ होती, कुशीवर वळताना धरायला. उजवा हात खाली गेला, तिथे पाण्याच्या बाटलीची जागा. उशीला डोकं, तळाशी पाय, आणि दोन्हीकडे चार बोटं शिल्लक. त्यांनी डोळे मिटले. मामा दारात उभे राहून त्यांच्याकडे असे बघत होते, जणू निकाल लागायचा आहे.

"छान झालंय," मामी म्हणाल्या. मग डोळे उघडून त्यांनी सभोवार पाहिलं. "आणि तुम्ही कुठे झोपणार?"

"मी पुढे. सीटवर."

"सीटवर कसे?"

"पाय दुमडून. मला काय, मी कुठेही झोपतो."

मामी मूठ धरून उठल्या. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना दोघादोघांचे बाक केलेत. आणि बायकोला केला तो एकटीचा?"

"अगं, जागा किती आहे बघ ना! तुझ्या पाठीसाठीच—"

"मी काय मागे भरायचा माल आहे? मी नाही येत जा."

शिडीवरून त्या तितक्याच नीट उतरल्या आणि घरात गेल्या. मामा बराच वेळ हातातलं फडकं घडी करत राहिले. दुसऱ्या दिवशी गाडीवर ताडपत्री चढली. तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला तेव्हा मामींनी तिला सांगून टाकलं की येणं जमत नाही, पाठ दुखतेय. पाठ दुखत नव्हती.

मला राहवेना. मी त्यांच्याकडे गेले. मामा शेडमध्ये होते, मामी मशीनवर उभ्यानेच कापड बेतत होत्या.

"एवढं मनावर घ्यायचं, मामी? त्यांनी सगळं तुमच्यासाठीच केलं ना?"

"तेच तर." त्यांनी कात्री खाली ठेवली. "माझं ऑपरेशन झालं तेव्हा अठरा दिवस हा माणूस दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकड्यावर झोपला. विचारलं की म्हणायचे, मजेत आहे. तक्रार काय केली, तर बाकड्याचा उतार चुकलाय! तेव्हापासून त्यांची मान उजवीकडे वळत नाही. मी आत पलंगावर, हे बाहेर आखडून. आता तीन रात्री जाताना, तीन रात्री येताना तेच? नात मांडीवर घ्यायची, आणि यांना अपंग करून?"

त्यांच्या मानेचं मला माहीत नव्हतं. समोरासमोर राहून, रोज बघून. मग आठवलं, हल्ली ते माझ्याशी बोलताना सगळ्या अंगानिशी वळायचे. मला वाटायचं, आदर म्हणून.

मी शेडमध्ये गेले. चाळीस वर्षं वर्गात उभं राहिल्याने एक गोष्ट जमते, उत्तर न सांगता प्रश्न विचारणं.

"मामा, या पलंगावर तुम्ही झोपून पाहिलंत?"

ते रंध्यात अडकलेला भुसा काढत होते. हात थांबला.

"मी मावत नाही त्यात, बाई. पाच फुटांचा आहे. तिच्या मापाचा."

"म्हणजे पाहिलं नाहीत."

आयुष्यात हजारो बाक केले, आणि न बसता हातावेगळी केलेली ही एकच वस्तू. रंधा खाली ठेवून त्यांनी ताडपत्री ओढली, आत चढले आणि पलंगावर आडवे झाले. डोकं कपाटाशी, पाय मागच्या दारातून अर्ध्या पोटरीपासून बाहेर. पायात विटकरी रंगाचे मोजे.

आवाज ऐकून मामी बाहेर आल्या. क्षणभर त्या मोज्यांकडे बघत राहिल्या आणि खळखळून हसल्या. मग गळ्यातली टेप काढून पुढे आल्या.

"हलू नका. सदऱ्याचं माप माहीत आहे मला, आडव्या माणसाचं नाही." त्यांनी टाचेपासून टाळूपर्यंत टेप धरली. "त्र्याहत्तर इंच. माणूस अजून तेवढाच आहे, बाई. फक्त वाकलाय."

"कपाट काढलं तर तुझी औषधं कुठे जातील?" आतून आवाज आला.

"कपाट कशाला काढताय? उलटे व्हा. डोकं दाराकडे, पाय कपाटाकडे. आणि कपाटाच्या खालच्या कप्प्याला पलंगाकडून भोक पाडा. सदरा लहान झाला की मी बगलेत पट्टी घालते, सबंध सदरा उसवत नाही."

मामा सावकाश उठून बसले. "बॅटरी तिथे आहे," ते म्हणाले, पण त्या स्वरात नकार नव्हता. त्यात हिशेब सुरू झालेला होता.

पुढचे तीन आठवडे शेडमधून पुन्हा आवाज येऊ लागले. बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली गेली. कपाटाच्या खालच्या कप्प्यात मामांचे पाय जायची सोय झाली, आतून चादरीचं अस्तर लावून. रुंदीसाठी पलंग दोन भागांत केला. एका भागाच्या पट्ट्या दुसऱ्या भागाच्या फटींत, हाताची बोटं बोटांत गुंफावीत तशा. दिवसा आत सरकवायच्या, रात्री ओढून काढायच्या. पण मग उजवीकडचं स्वयंपाकघर जाणार होतं. पंप, भांडं, कपांच्या खोबणी, सगळं.

ते त्यांनी एका सकाळी स्वतःच उचकटलं. मी खिडकीत होते. कोणी बघतंय असं त्यांना वाटू नये म्हणून भांडी तशीच टाकून आत गेले. नंतर पाहिलं तर मागच्या दाराला आतून एक घडीची फळी लावली होती, उघडली की टेबल. पाण्याला साधा कॅन, तोटीचा. "पंप तुमच्याकडे बसवून देऊ का, बाई?" त्यांनी विचारलं. तो आता माझ्या मागच्या मोरीत आहे. पाय दाबला की पाणी येतं.

यावेळी चाचणीला दोघं शेजारी शेजारी आडवे झाले. मामींनी उठून बसत कपाटाच्या भोकात पाहिलं.

"पायांना वेगळी खोली केलीत. माणसाला नव्हती."

"भाड्याने देतो. घेतेस?"

"वास आधी घालवा."

नऊ साते बासष्टच्या दाराआड मामांचे पाय, असं एकूण चित्र होतं. मामांनी मूठ दोघांच्या मध्ये, वर छताला लावली होती. उठताना आता दोघंही तीच धरणार होते.

ते निघाले एका मंगळवारी, उजाडता उजाडता. इस्त्रीवाल्याने दोन कडक इस्त्रीच्या चादरी आणून दिल्या. चार दिवस धरले होते, पाच लागले. कारण तिसऱ्या दिवशी मामींना एका तळ्याकाठची झाडं आवडली, आणि तास भरला नसतानाही त्यांनी गाडी थांबवायला लावली.

पोहोचल्याचा फोन मुलीने केला. नात अंगणात आली, मामींकडे बघितलं, मग धावत आत जाऊन आईचा फोन घेऊन आली. फोनच्या काचेत पाहिलं. तिथे आजी नव्हती. पुन्हा अंगणात पाहिलं. मग फोन गाडीच्या शिडीवर ठेवला आणि मामींच्या मांडीवर येऊन बसली. मामी चाळीस मिनिटं हलल्या नाहीत, असं मुलगी म्हणाली. तिने घड्याळ लावलं होतं.

त्यानंतर ते दोघं आणखी दोनदा जाऊन आले. मामांची मान अजून उजवीकडे वळत नाही, पण वाईटही झालेली नाही. काल त्यांनी गल्लीतून हाक मारून सांगितलं की गाडीचे मागचे दोन्ही टायर बदलायचे आहेत, त्यामुळे यंदा निघायला आठवडाभर उशीर होईल.