निरोपाचं दुपटं

शर्टाच्या कारखान्यात तिला सगळे कॉलरमावशी म्हणत. कॉलरचं टोक काढावं तर तिनेच. जीभही तशीच टोकदार. पण कुणी पोटुशी राहिली, की हीच मावशी मेणाहून मऊ व्हायची. कटिंगच्या टेबलाखालच्या चिंध्या गोळा करायची आणि जेवणाच्या सुट्टीत बाळासाठी दुपटं शिवायची. ते पुरं झालं, की सगळ्याजणी डोळे पुसत ते त्या बाईच्या हाती द्यायच्या आणि ती राजीनाम्यावर सही करून घरी जायची. जायची ती कायमची. कारखान्याची रीतच होती तशी.

मालक मोठा गोडबोल्या. "मावशी, पगारी रजा ऑफिसातल्या बायकांना असते हो. तुम्ही पडलात नगावर काम करणाऱ्या, जेवढे नग तेवढे पैसे. कायदाच तसा, मी तरी काय करू?" असं त्याने एकदा सांगितलं आणि मावशीच्या लेखी ती काळ्या दगडावरची रेघ झाली. चिंध्या मात्र तो फुकट द्यायचा. केवढं ते मन, असं मावशीच सगळ्यांना ऐकवायची!

मग तिच्याच लेकीला दिवस गेले. लेक शेजारच्या मशीनवर बाह्या जोडायची.

"आई, रजा खरंच नसते का गं आपल्याला? बाहेर कुणाला तरी विचारू या."

"मालक खोटं बोलेल होय? उगाच चारचौघांत हसं करून घेऊ नकोस."

आणि आजवरचं सगळ्यांत देखणं दुपटं शिवून मावशीने स्वतःच्या हाताने लेकीला निरोप दिला.

नात झाली. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरची बाळंतीण दुसऱ्या कारखान्यात बटणं लावणारी, नगावरचीच. ती म्हणाली, "मला कामावर जायची कसली घाई? पगारी रजा आहे. तुमच्यात देत नाहीत? अहो, कायदा सगळ्यांना सारखाच की!" लेक कूस बदलून निजली. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती तडक मालकाच्या केबिनमध्ये गेली.

"तुम्ही खोटं सांगितलंत."

"मावशी, मी कुणाला जा म्हटलं का? आपापल्या खुशीने गेल्या सगळ्या. निरोप तर तुम्हीच देत होतात." वर त्याने चहाही विचारला.

गोड बोलून गळा त्याने कापला होता, पण कात्री हिची होती. लेकीच्या मशीनवर तर केव्हाच दुसरी बसली होती.

पुढे काजं करणाऱ्या पोरीने लाजत विचारलं, "मावशी, माझं दुपटं?"

"आत्ता नाही. आधी रजेचा अर्ज दे, मी येते बरोबर. बाळंत होऊन परत मशीनवर बसलीस, की देईन."

मालकाने आढेवेढे घेतले, पण मावशी हटली नाही. रजा मिळाली. त्या आनंदात मावशीने घरी आल्या आल्या सगळं सांगून टाकलं.

लेक घरी आणलेल्या शर्टांचे दोरे कापत बसली होती. नात तिच्या मांडीवर, त्याच दुपट्यात झोपलेली. लेकीने मान वर केली नाही.

"हेच मला म्हणाली असतीस तर, आई?"

"चुकलं गं माझं," मावशी म्हणाली.

लेकीने नातीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं आणि पुढचा शर्ट हातात घेतला.