अपडेटची अमावास्या

उंब्रजच्या बापूंच्या दुकानात भिंतीवर एक कॅलेंडर असायचं. त्यातल्या बाकी सगळ्या चौकटी कोऱ्या, फक्त अमावास्येच्या चौकटीत पेनानं लिहिलेलं, ‘यंत्र’. बापू लग्नपत्रिका छापायचे. त्यांच्या कॅलेंडरवर मुहूर्तांच्या खुणा असतील, अशी माझी आपली समजूत. मी गावातल्या शाळेत मराठी शिकवते आणि चाचणीच्या प्रश्नपत्रिका त्यांच्याकडून टाइप करून घ्यायचे. एकदा न राहवून विचारलंच.

“त्यो यंत्राच्या अपडेटचा दिस, बाई,” बापू म्हणाले.

झालं होतं असं, की एकदा ऐन लग्नसराईत, नवरीचा बाप प्रूफ हातात धरून उभा असताना, संगणकानं आपणहून अपडेट सुरू केलं. ते संपलं तेव्हा बापूंचा जुना मराठी फाँट बिघडलेला, अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. “नवरदेवाचं नाव चार चौकोन, नवरीचं तीन,” बापू सांगायचे. फाँट पुन्हा बसवला, पण धास्ती बसली ती बसलीच. मग कुणीतरी त्यांना दाखवलं, की सेटिंगमध्ये जाऊन अपडेट थांबवता येतं, पण जास्तीत जास्त पाच आठवडे. त्यानंतर एकदा ते घ्यायचंच, मग पुन्हा पाच आठवडे मोकळे. दुसऱ्या कुणी तारीख लिहून ठेवली असती. बापूंनी पंचांग काढलं.

“पाच आठवडं म्हंजे पस्तीस दिस. आमुशा तीस दिसात येती. पाच दिस हातात ऱ्हात्यात. आन आमुशाला पत्रिका टाकायला येतंय कोण? यंत्राला दिसभर काय गोंधळ घालायचा त्यो घालू दे!”

हिशोबात खोट काढायला जागा नव्हती. एरवी पडद्याच्या कोपऱ्यात अपडेटची सूचना आली की बापू तिला दारातल्या माणसासारखं समजवायचे, “आत्ता न्हाई गं बाय, गिऱ्हाईक हाय. आमुशाला ये.” विमा विकणाऱ्या एका गृहस्थांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं. ते बिचारे खरंच दर अमावास्येला येऊन बसायचे.

बापूंचं हे गणित चुकलं ते आमच्यामुळे. माझं लग्न ठरलं. आम्ही बौद्ध. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरात पंचांग नाही. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पत्रिका बापूंकडेच टाकली आणि प्रूफ दोनदा तपासलं. शनिवारी संध्याकाळी तीनशे पत्रिकांचा गठ्ठा घरी आला. रविवारी सकाळी आप्पांनी तो सोडला. प्रूफात वर ‘नमो बुद्धाय’ होतं. छापून आलं होतं ‘श्री गणेश प्रसन्न’, आणि खाली गोरज मुहूर्त. छापायच्या वेळी बापूंनी हाताच्या सवयीनं संगणकातली रोजची चौकट उचलली होती आणि आमची नावं तिच्यात बसवली होती. लग्न पंधरा दिवसांवर. मुंबईच्या नातेवाइकांना पत्रिका वाटायला माझा भाऊ त्याच संध्याकाळच्या गाडीनं निघणार होता. आजोबांनी जिच्यासाठी अख्ख्या भावकीचा रोष पत्करला, ती ओळच पत्रिकेवर नव्हती. संध्याकाळपर्यंत नव्या पत्रिका हव्या होत्या.

आम्ही दुकानात पोचलो तेव्हा बापू निवांत शेंगा फोडत बसले होते. पडद्यावर आकडा होता, सत्तावीस टक्के. खाली सूचना, संगणक बंद करू नका.

“आप्पा? आज आमुशाचं?”

“आमुशा तुमची! आमच्यात रविवार हाय!” आप्पांनी गठ्ठा टेबलावर आपटला.

बापूंनी वरची पत्रिका वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. “माझीच चूक, आप्पा. पर यंत्र अडकलंय. सत्तावीस टक्क्यावर हाय.”

“माझ्या पोरीचं लगीन शंभर टक्क्यावर हाय!”

बापूंनी घाईघाईनं सोनेरी कागद काढला. वरच्या ओळीवर पट्टी चिकटवू, कुणाला कळणार नाही, म्हणाले.

“झाकायचं काय म्हणून? आमाला काय झाकायचं हाय?” आप्पांचा आवाज एकदम खाली आला होता. मला तो ओरडण्यापेक्षा जास्त लागला. बापूंनाही लागला असावा, कारण कागद त्यांनी परत ठेवला.

तासाभरात आकडा एकतीसवर आला. बापू उठले आणि बटणाकडे गेले.

“बापू, बंद करू नका असं लिहिलंय,” मीच घाबरून म्हणाले. तो फाँट, इतक्या वर्षांच्या पत्रिका, सगळं त्या एका डब्यात होतं.

“लिवणारा लांब बसलाय, बाई. आप्पा हितं उभं हाईत.”

आणि त्यांनी बटण बंद केलं.

पुन्हा चालू केल्यावर बराच वेळ पडदा काळा. मग अक्षरं उमटली, बदल मागे घेत आहोत. बापूंनी ती दोनदा वाचली. “बघा आप्पा, एवढं मोठं यंत्र, पर त्ये बी मागं घेतंय. म्या कोण लागून गेलो? चुकलं माझं.” आप्पा बाकावर बसले आणि थोड्या वेळानं शेंगा खाऊ लागले.

“बाई, तुमच्यात कंचा दिस वर्ज्य असतो? अपडेटला त्यो धरतो,” बापूंनी विचारलं.

“कुठलाच नाही.”

“कुठलाच न्हाई?” बापूंच्या हातातली शेंग हातातच राहिली. “मग आमच्यातच का हाय?”

दुपारी संगणक उघडला. फाँट शाबूत होता. बापूंनी आप्पांना शेजारी बसवून एकेक ओळ वाचून घेतली, आणि भाऊ नव्या पत्रिका घेऊन वेळेत गाडीत बसला.

बापू गेल्या वर्षी गेले. दुकानावरून जाताना अजून माझी पावलं रेंगाळतात. पण त्यांची आठवण निघाली की मला पहिल्यांदा आठवते ती त्यांच्या मुलीची पत्रिका. माझ्या लग्नानंतर तीन वर्षांनी ते ती द्यायला आप्पांकडे आले, तेव्हा मी माहेरीच होते. तारीख पाहून मी चक्रावले. पुढे छापलेलंच होतं, अमावास्या!

“पाहुणे काय म्हणाले, बापू?”

“म्हणत्यात, दिस चांगला न्हाई. म्या म्हणलं, पोरगी चांगली, जावई चांगला. दिसानं आपलं काय घोडं मारलंय? आन कार्यालय बी लगीच मिळालं.”

आप्पा पत्रिका वाचत होते. वाचता वाचता थांबले. निमंत्रकांच्या यादीत, बापूंच्या सख्ख्या भावांच्या खाली आणि चुलत भावांच्या वर, आप्पांचं पूर्ण नाव छापलेलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, पुन्हा पुसला. बापू उगीचच भिंतीकडे बघत बसले होते.

ते गेल्यावर आप्पांनी मला पांढरा शर्ट इस्त्रीला टाकायला सांगितला. म्हटलं, लग्नाला अजून दहा दिवस आहेत.

“असूंदे. सकाळी लवकर जाया पायजे,” आप्पा म्हणाले. “आपुनच बोलवणारं म्हणल्यावर उशिरा जाऊन कसं चालंल?”