सामानाचं राहिलं

माझ्या वहिनीला माइकची गरजच नाही, असं मी म्हटलं की लोकांना वाटतं, नणंद आहे, बोलणारच. पण खरं तेच सांगते. बसस्थानकावर ती आधी चौकशीच्या खिडकीत बसायची. एक दिवस ऐन गर्दीत माइक बंद पडला आणि साहेब "आता काय करायचं, आता काय करायचं" करत गोल गोल फिरायला लागले. वहिनीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या गाड्या, सगळे फलाट एका दमात ओरडून सांगितले. पार शेवटच्या फलाटावर डुलक्या काढणारा ड्रायव्हर दचकून उठला आणि भलत्याच गाडीत जाऊन बसला म्हणे. माइक दुरुस्त होऊन आला, तो वहिनीच्याच हातात.

आमचं घर स्थानकाच्या मागच्या गल्लीत. मी घरी बसून कपडे शिवते, त्यामुळे दिवसभर ती माझ्या कानाशी असतेच. "लक्ष द्या. फलाट क्रमांक तीनवरची, पुलापलीकडे जाणारी गाडी थोड्याच वेळात सुटत आहे. प्रवाशांनी आपापल्या सामानाची काळजी घ्यावी." घरात भाजी आणायला सांगतानाही सूर तोच. दादा, म्हणजे माझा भाऊ, वेल्डिंगचं काम करतो. दिवसभर घण आणि ठिणग्या, तरी म्हणतो, दुकानात जरा शांत वाटतं.

आणि अशा बाईच्या पोटी ठमी आली. ठमीला ऐकू येत नाही, जन्मापासूनच. ती रांगत होती तेव्हा तिच्या पाठीमागे माझ्या हातून ताटांची अख्खी चळत कोसळली. शेजारीण धावत आली, ठमी मात्र आपली चमचा चोखत बसलेली. मी आणि वहिनीने एकमेकींकडे पाहिलं. मग डॉक्टर झाले, कानाचं यंत्र झालं, कशाचा उपयोग झाला नाही. त्या दिवसांत वहिनी एकदाच मला म्हणाली, "वन्सं, अख्ख्या स्थानकाला माझा आवाज पोचतो आणि माझ्या मुलीला पोचत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

रडत बसणारी बाई नव्हे ती. हातांच्या खुणा स्वतः शिकली आणि आम्हाला बसवून बसवून शिकवल्या. गळ्याला दोन बोटं लावली की आई. एक बोट भराभर वरखाली केलं की आत्या, म्हणजे मी, शिवणयंत्राच्या सुईसारखी. मला ते कोंबडी दाणे टिपते तसं वाटतं, पण ठमीने ठरवलं म्हणजे ठरलं. मागून धाकटा आला, तो जन्मतःच असा बोंबलला की नाव बोंबल्याच पडलं. खाण तशी माती! त्याला बोलता येण्याआधी ताईच्या खुणा येत होत्या.

अडचण होती ती अंधाराची. दिवा मालवला की हात दिसत नाहीत, ओठ दिसत नाहीत. म्हणून तान्ही असल्यापासून ठमी झोपायची ती आईच्या गळ्यावर हात ठेवून. चार बोटं गळ्यावर, अंगठा ओठांच्या कडेला. गळा हलत असला की पोर शांत. पण रोज रोज बोलायचं तरी काय? गोष्टी संपल्या, मग वहिनीने पाठ असलेलं सुरू केलं, "लक्ष द्या, फलाट क्रमांक एक..." मी हसले की म्हणायची, "हसा. तिला काय कळतंय? गळा हलला म्हणजे झालं." दोन-चार गाड्या सुटल्या की ठमी झोपलेली असायची.

पहिली पाळी वहिनी कायम टाळत आली ती यामुळेच. पहिल्या पाळीला अंधारातच घर सोडावं लागतं. एकदा नाइलाजाने गेली होती, तर इकडे ठमी जागी झाली आणि अंथरुणभर गळा शोधत सुटली. सापडेना तेव्हा तिने जी किंकाळी फोडली, ती मी जन्मात विसरणार नाही. पुढे पहिली पाळी सांभाळणारे स्थानकावरचे मामा निवृत्त झाले आणि साहेबांनी सांगून टाकलं, पुढच्या आठवड्यापासून तुम्ही. येणार नसाल तर माइक दुसऱ्या कुणाकडे.

"तिला बोंबल्याबरोबर वेगळ्या खोलीत झोपवू," दादा म्हणाला. "जाग आली तर भाऊ शेजारी असेल."

"तो काय करणार? एवढंसं तर आहे," वहिनी म्हणाली. "अंधारात तिचे डोळेही जातात हो. माझा गळा सुटला की तिचं सगळं घरच सुटतं." बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. त्या बाईचा आवाज चिरकलेला मी पहिल्यांदा ऐकला.

मग काय, माझी शिवणाची खोली गेली. यंत्र बाहेरच्या खोलीत आलं, मी कुरकुर केली, कुणी लक्ष दिलं नाही. दादाने लोखंडी पाइप जोडून दुमजली पलंग केला. वर ठमी, खाली बोंबल्या. कठडा काय, शिडी काय, निळा रंग काय! गल्लीतल्या चार जणांना बोलावून दाखवून झालं. ठमी सरसर वर चढली, हसली, आणि दिवा मालवताच तितक्याच सरसर उतरून आईच्या अंथरुणात शिरली. दुसऱ्या दिवशी दिवा चालू ठेवून पाहिला, तर ती दाराकडे टक लावून बसून राहिली. दादाचं तोंड एवढंसं झालं. त्याला वाटलं, पोरीला उंचीची भीती वाटते. कठडा आणखी वाढवू का, विचारत होता बिचारा.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाली, दोघांना आत घातलं, दिवा मालवला. वहिनी दाराला कान लावून बाहेर जमिनीवर बसली. आणि मग आतून बोंबल्या, अगदी आईच्या थाटात, "लक्ष द्या, लक्ष द्या! फलाट क्रमांक तीनवरची..."

एक गाडी सुटली, दुसरी सुटली. माझं डोकं फिरलं. मुलगी झोपेना म्हणून सगळ्यांच्या नाकी नऊ आलेत आणि या दिवट्याला खेळ सुचतोय! मी तरातरा आत गेले आणि दिवा लावला.

वरचा पलंग रिकामा. दोघं खालीच, दाटीवाटीने. ठमीचे डोळे मिटलेले, चार बोटं भावाच्या गळ्यावर, अंगठा ओठांच्या कडेला.

"आत्या, ताई मला चिमटे काढते," बोंबल्या म्हणाला.

"मग गप्प झोप की मेल्या! बडबड कशाला लावलीयस?"

"गप्प झालो तरी काढते."

"का म्हणून?"

"सामानाचं राहिलं म्हणून."

मला काही उमजेना. "कुणाचं सामान?"

"अगं, आई म्हणते ते! गाडी सुटली म्हणून मी थांबलो, तर हिने चिमटा काढला. मग मी सामानाचं म्हटलं, मग सोडलं. मधलं काही खाल्लं तरी काढते. तिला सगळं पाठ आहे."

वहिनी माझ्या मागे येऊन उभी होती. दादा दारातून म्हणाला, "अगं, अंदाज असेल. किती वेळ गळा हलला की संपतं, त्याचा अंदाज." पण त्याचाही आवाज खाली आला होता.

वहिनीने बोंबल्याला उचलून माझ्या कडेवर दिलं आणि त्याच्या जागी जाऊन आडवी झाली. ठमीने डोळे न उघडताच हात आईच्या गळ्यावर नेला. "दिवा घालवा, वन्सं," वहिनी म्हणाली. मी घालवला.

अंधारात तिने सुरुवात केली, हळू आवाजात. हळू म्हणजे तिचं हळू. "लक्ष द्या. फलाट क्रमांक पाचवरची, पुलापलीकडे जाणारी गाडी..."

"आई गं!"

पुलापलीकडची गाडी तीनवरून सुटते. गल्लीतल्या मांजरांनाही माहीत आहे.

वहिनीने पुन्हा धरलं. या वेळी तीन म्हणाली, सगळं जिथल्या तिथे म्हणाली, आणि शेवटी, "प्रवाशांनी आपापल्या वन्संची काळजी घ्यावी."

मग पुन्हा "आई गं!" आणि पाठोपाठ ठमीचं हसू, ते तिचं खर्जातलं, पोटातून येणारं.

किती वर्षं! किती वर्षं ही पोर बोटांनी आईचा शब्द न शब्द टिपत होती, आणि आम्ही बाजूला बसून म्हणत होतो, तिला काय कळतंय. वहिनी माइकवर कधी चुकत नाही, तशी अंथरुणातही कधी चुकली नाही, म्हणून चिमटा बसला नाही आणि आम्हाला पत्ता लागला नाही. तो लागायला हा अर्धवट बोंबल्या यावा लागला. मी त्याचा मुका घेतला तर म्हणतो, "आत्या, मला खाली सोड, माझी गाडी सुटायचीय."

त्याला मी ठमीशेजारी सोडलं आणि वहिनी उठली. ठमीने अंधारातच चाचपून भावाचा गळा धरला. तो सुरू झाला. मधे एकदा कळवळला, एकदा खुदकन हसला, आणि मग सामानासकट तिसरी गाडी सुटली तेव्हा आतून दोघांच्याही श्वासांखेरीज काही येत नव्हतं.

आम्ही बाहेर दिव्याखाली आलो. वहिनीने बाही वर केली. दंडावर दोन चट्टे, चांगले लालभडक.

"बघा वन्सं," ती म्हणाली, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला सुचत नव्हतं. "पोचतं हो तिला. बघा ना, किती लाल झालंय!"

"गार पाण्याची पट्टी ठेवते, थांब," मी म्हटलं.

"नको, नको." तिने दंडावर तळहात ठेवला. "राहू दे तसंच."

पहाटे ती पहिल्या पाळीला निघाली तेव्हा पोरं गाढ झोपली होती. बाहेर गारठा होता, तरी वहिनीने बाही चट्ट्यांच्या वरपर्यंत दुमडली होती.