उणे दहा लिटर

माझ्या सासूबाई फरशी पुसायचं औषध बनवणाऱ्या कारखान्यात बावीस वर्षं मिक्सिंगला आहेत. या काळात त्यांच्या डोक्यावर पाच इनचार्ज आले. पाचही जणांना पिंपाचा नळ कुठल्या बाजूला फिरतो हे त्यांनीच शिकवलं, आणि आठवड्याभरात ते पाचही जण त्यांच्यावर खेकसायला लागले. पाचवा सोडून गेला तेव्हा जागा रिकामी असल्याचा कागद बोर्डावर लागला: दहावी पास पाहिजे, वय बावन्नच्या आत. सासूबाई एक्कावन्नच्या. दहावीत त्यांचं घोडं फक्त गणितात अडलं होतं, तेही तीनदा.

"या वेळी मी अर्ज भरणार," त्या जेवताना म्हणाल्या.

नवरा हसला. बाकी कोणी हसलं नाही, तेव्हा त्याने गुपचूप आमटी वाढून घेतली.

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे ही जबाबदारी माझ्याच गळ्यात पडली. त्यांची पहिली शिफ्ट सातची, म्हणून आमचा वर्ग पहाटे साडेपाचला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. एकाखाली एक दोन समीकरणं मांडायची, एक अक्षर घालवायचं, दुसरं शोधायचं. हे त्यांना माझ्या नववीच्या पोरांपेक्षा लवकर कळलं. "म्हणजे एकाला गप्प केलं की दुसरा खरं बोलतो," त्या म्हणाल्या. "सासू-सुनांचं पण असंच असतं."

घोडं पेंड खायचं ते शाब्दिक उदाहरणांत. दहा टक्क्यांचं आणि तीस टक्क्यांचं द्रावण मिसळून चाळीस लिटर बनवा, असं पुस्तकात असलं की बाईंची बेरीज हमखास एक्केचाळीस.

"हा एक लिटर कुठून आला?"

"पिंपाला चिकटतो तेवढा. चाळीस भरून द्यायचेत ना?"

"आई, पुस्तकातल्या पिंपाला काही चिकटत नाही!"

"मग त्या पिंपात कोणी कधी काही ओतलेलंच नाही."

असं आठवड्यातून चारदा. माझा स्वभाव तापट आहे, हे मी लपवत नाही. एका सकाळी मी वही आपटली आणि फर्मान काढलं: कारखाना दाराबाहेर ठेवायचा. पेपरात जे छापलंय ते खरं, उत्तर आलं की लिहायचं, नाही आलं की आपली आकडेमोड चुकली असं समजायचं. त्यांनी मान डोलावली. या बाईने कोणाचं निमूटपणे ऐकलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. मला उगाचच विजय मिळाल्यासारखं वाटलं.

दहावीच्या फेरपरीक्षेला आठ दिवस उरले होते. रविवारी दुपारी मी त्यांना सरावाची पाच उदाहरणं दिली आणि आत वह्या तपासायला बसले. तासाभराने डोकावले तर चौथं सोडून बाकीची चार झाली होती. आणखी दोन तासांनी डोकावले तरी चौथंच. टेबलभर कागद, सगळ्यांवर खोडाखोड, आणि बाई कमरेत वाकून नवव्यांदा मांडणी करताहेत.

"सोडा ते. परीक्षेत असं एकाला चिकटून बसलात तर संपलंच."

"सोडणार नाही. कुठे चुकतंय ते सापडल्याशिवाय उठणार नाही." आणि मग हळूच, "पण अगं, हे होतच नाही."

"पुन्हा कारखाना आत आणलात!" मी कागद ओढून घेतला. उदाहरण माझंच होतं, घाईत मनाने रचलेलं: दहा टक्क्यांचं आणि तीस टक्क्यांचं द्रावण मिसळून चाळीस टक्क्यांचं वीस लिटर बनवा. मी झपाझप सोडवलं. तीस टक्क्यांचं तीस लिटर. दहा टक्क्यांचं उणे दहा लिटर.

मी परत सोडवलं. उणे दहा.

दोन पातळ गोष्टी एकत्र करून त्या दोन्हींपेक्षा दाट गोष्ट होत नाही, हे कोणत्याही स्वयंपाकघरात कळावं. मी पंधरा वर्षं गणित शिकवते आणि मला ते कळलं नव्हतं. त्यांच्या पहिल्या कागदावर, खोडलेल्या ओळींखाली, 'उणे १०' स्पष्ट दिसत होतं.

"आई, उदाहरणच चुकलंय. माझं चुकलं."

त्यांनी तो पहिला कागद पुढे ओढला. "म्हणजे पहिल्यांदाच बरोबर आलं होतं?"

"हो."

"मग दोन तास मी खोडत का बसले?"

"मी सांगितलं होतं म्हणून." मला खरंच रडू आलं. त्यांच्या हातांना जे माहीत होतं, ते मी त्यांना विसरायला लावलं होतं.

त्यांनी माझी समजूत घातली नाही. पेन्सिलीला टोक केलं आणि म्हणाल्या, "आता कारखाना आत येणार. एक लिटर तुझ्यासाठी सोडला. पण उत्तर आलं की मी ते पिंपात ओतून बघणार, मगच लिहिणार."

त्यानंतरचे आठ दिवस त्या प्रत्येक उत्तर मूळ वाक्यात घालून मोठ्याने वाचायच्या. जुळलं की हूं, नाही जुळलं की पुन्हा पहिल्यापासून. होडी आणि प्रवाह, आई आणि मुलीची वयं, काहीही असो. नवऱ्याच्या झोपेचं खोबरं झालं, पण हूं वाढत गेले.

गणितात एकसष्ट मिळाले. अर्ज शेवटच्या दिवशी गेला. मुलाखतीला बाहेर डिप्लोमावाली तीन पोरं बसली होती, सगळ्यांचं वय मिळून बाईंपेक्षा थोडंच जास्त.

संध्याकाळी त्या घरी आल्या, चपला काढल्या, पाणी प्यायल्या.

"मॅनेजरने विचारलं, तुमच्यापेक्षा शिकलेल्या माणसाने चुकीचं प्रमाण लिहून पाठवलं, तर काय कराल?"

"मग?"

"म्हटलं, कागदावर मांडून त्याच्यासमोर ठेवेन, आणि तो चूक मान्य करेपर्यंत ओतणार नाही. मॅनेजर म्हणाला, बोलायला सोपं आहे. म्हटलं, करून झालंय. माझी सून गणिताची शिक्षिका आहे, विचारा तिला."

"आई! अख्ख्या कारखान्यात माझी लाज काढलीत?"

"काढली," सासूबाई म्हणाल्या. "एक तारखेपासून इनचार्ज आहे मी."