डोळे मिटायची पाळी

माझे भाऊजी बस डेपोत गाड्या तपासतात. सकाळची पहिली गाडी सुटायच्या आत ते प्रत्येक बसखाली टॉर्च घेऊन शिरतात, नट न् नट ठोकून बघतात आणि समाधान झालं तरच कागदावर सही करतात. डेपोत सगळे त्यांना 'टॉर्च' म्हणतात, तेही तोंडावर. गेल्या नऊ वर्षांत त्यांनी सही केलेली एकही गाडी वाटेत बंद पडलेली नाही. दर वर्षी मॅनेजर त्यांना भिंतीवरचं घड्याळ बक्षीस देतो. भाऊजी ते घरी आणतात, मागचं झाकण उघडून आत नीट बघतात आणि सेल काढून माळ्यावर टाकतात, कारण टिकटिक त्यांना सहन होत नाही.

म्हणजे ज्या गुणासाठी डेपो त्यांना डोक्यावर घेऊन नाचत होता, त्याच गुणानं घरात माझ्या ताईचा जीव मेटाकुटीला आला होता.

फौजेत भाऊजी ट्रक चालवायचे. एका रस्त्यावर त्यांच्या पुढचा ट्रक सुरुंगावर गेला. त्या ट्रकचा ड्रायव्हर तासाभरापूर्वी त्यांच्याच मगातून चहा प्यायला होता. यापलीकडे भाऊजींनी आजवर कुणाला काही सांगितलेलं नाही, आणि विचारायची माझी छाती नाही. परत आले ते हातीपायी धड आले. पण तेव्हापासून हा माणूस अखंड पहाऱ्यावर आहे. हॉटेलात भिंतीला पाठ आणि दाराकडे तोंड. तशी खुर्ची नसेल तर हॉटेल बदलायचं. माझ्या वाढदिवसाला आम्ही चार हॉटेलं बदलली आणि शेवटी घरी येऊन ब्रेड खाल्ला. कुणी मागून आलेलं त्यांना चालत नाही, म्हणून ताई प्रत्येक खोलीत शिरताना "मी येतेय!" असं ओरडते. सवयच ती. एकदा दाताच्या डॉक्टरकडे आत जाताना ओरडली, तर डॉक्टरच दचकला आणि आधीच्या पेशंटनं उगाच बोंब मारली.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पण आठ वर्षांपूर्वी भाऊजींनी झोपेत ताईचा गळा धरला. जाग आली तेव्हा ताईपेक्षा तेच जास्त घाबरले होते. त्या दिवसापासून ते बाहेरच्या खोलीत झोपतात आणि ताई आतल्या. या विषयावर दोघांत एक अक्षर बोलणं झालं नाही.

यंदा ताईनं मला बोलावून सांगितलं, "मी लेकीकडे जातेय. तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. कायमची जातेय."

"भाऊजींना सांगितलंस?"

"कधी सांगू? बोलायला तोंड उघडलं की त्यांचं लक्ष खिडकीकडे. राग नाही रे माझा त्यांच्यावर. मी थकले."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ताईसाठी वाईट वाटलंच, पण खरं सांगतो, ताई गेली तर भाऊजी कुणाच्या गळ्यात पडणार हे कळायला ज्योतिषी नको होता. माझी बायको तर त्याच संध्याकाळी आमच्या घरातल्या खुर्च्या कुठल्या भिंतीला लावाव्या लागतील ते बघत फिरत होती.

मी नगरपालिकेच्या सभागृहाचा व्यवस्थापक आहे. व्यवस्थापक म्हणजे किल्ल्या, सतरंज्या आणि बुकिंगची वही. त्याच आठवड्यात माझ्या फळ्यावर एक पत्रक लागलं होतं: माजी सैनिक आणि त्यांचे जोडीदार यांच्यासाठी ध्यान आणि संवाद, आठ शनिवार, दुपारी तीन ते साडेचार. मी कुणाला न विचारता दोघांची नावं घातली आणि ताईला म्हणालो, "आठ शनिवार कळ काढ. नववा मी मागणार नाही."

भाऊजी आले ते केवळ डेपो मॅनेजरनं त्यांना शनिवारची सुट्टी लिहून दिली म्हणून. हुकूम तो हुकूम.

सहा जोडपी जमली. शिकवायला आली होती समुपदेशनाची एक तरुण बाई. सगळ्या पुरुषांनी पहिल्याच दिवशी तिला 'कॅप्टन' करून टाकलं. तिनं एकेकाच्या हातावर एकेक मनुका ठेवला आणि म्हणाली, "हा आयुष्यात पहिल्यांदाच बघताय असं समजा. सावकाश बघा, मग खा." शेजारी एक तोफखान्यातले गृहस्थ होते, दोन्ही कानांनी अधू. त्यांनी मनुका केव्हाच गिळला होता. ते खणखणीत आवाजात म्हणाले, "दुसरा आहे का?"

भाऊजींनी मात्र खिशातून टॉर्च काढला. मनुका चारी अंगांनी बघितला, हुंगला, कानाशी धरून दाबला. सव्वासात मिनिटं झाली. कॅप्टन हरखून गेली. "बघा, काका किती लक्ष देतायत!" पुढच्या शनिवारी तिनं खोलीत दिसणाऱ्या पाच गोष्टी सांगायला सांगितल्या. भाऊजींनी एकतीस सांगितल्या, त्यात माझ्या सभागृहाच्या पंख्याचे दोन ढिले स्क्रू आणि मी टेबलामागे लपवलेली फाटकी सतरंजीही आली. कॅप्टननं सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. टाळ्या वाजल्या तसे भाऊजी टेबलाखाली गेले.

बाहेर आल्यावर ताई माझ्यावर उखडली. "लक्ष देण्यात ते आधीपासून पहिले आहेत. त्यांना अजून कसलं लक्ष द्यायला शिकवताय? काढून घ्यायला शिकवा!"



तिसऱ्या शनिवारी ऐकण्याचा धडा होता. जोडप्यानं समोरासमोर बसायचं. एकानं तीन मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं मधे न बोलता ऐकायचं आणि मग ऐकलेलं परत सांगायचं. ताईनं संधी साधली. तिनं भाऊजींना लेकीकडची खोली सांगितली, आठ शनिवार सांगितले, 'कायमची' हा शब्दही सांगितला. मी दाराच्या काचेतून बघत होतो. भाऊजींची मान हलली नाही.

"आता तुम्ही सांगा, काका," कॅप्टन म्हणाली.

भाऊजी ताठ बसले. "संदेश मिळाला. लेकीकडे जाणार. कायमचं. मुदत आठ शनिवार, पैकी तीन झाले. संदेश समाप्त."

तोफखानेवाल्यांच्या बायकोला हसू आवरेना. मलाही. मग माझं लक्ष भाऊजींच्या हाताकडे गेलं. त्यांनी ताईच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं आणि ते त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं. मी काचेपासून बाजूला झालो.

आता मुख्य गोष्ट. दर शनिवारी शेवटी वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं असायचं. कॅप्टन स्वतः डोळे मिटून पुढे बसायची आणि मऊ आवाजात सांगायची, "श्वास आत, श्वास बाहेर." मला काचेतून सगळं दिसायचं. कॅप्टन सोडून खोलीत एकाचेही डोळे मिटलेले नसायचे. सहाही पुरुष दाराकडे आणि खिडक्यांकडे बघत असायचे. सहाही बायका नवऱ्यांकडे बघत असायच्या. हे मी कॅप्टनला का सांगितलं नाही? मला विचारलं नाही म्हणून. बुकिंगच्या वहीत डोळ्यांचा रकाना नाही.

पाचव्या शनिवारी कॅप्टनला शिंक आली. शिंकून तिनं डोळे उघडले, तर समोर बारा माणसं टक्क जागी.

"तुम्ही... कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," भाऊजी म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नाही.

"पण का?"

"कॅप्टन, सगळ्यांनीच डोळे मिटले तर पहारा कोण देणार?"

बाकीचे पाचही चमकून भाऊजींकडे बघू लागले. प्रत्येकाला वाटत होतं की पहारा आपण एकटेच देतोय. तोफखानेवाल्यांना त्यांच्या बायकोनं सगळं कानात ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "मग आम्हाला सांगायचं की! वाटून घेतला असता!"

"आणि तुम्ही?" कॅप्टननं बायकांना विचारलं.

 ताई म्हणाली, "आम्ही यांच्याकडे बघतो. यांच्यावर कोण लक्ष ठेवणार?"

कॅप्टन आधी हसली आणि मग हसायची थांबली. पोरगी हुशार. तिनं हातातली वही मिटून ठेवली. "बरं. आजपासून पाळ्या लावू. जोडीतल्या एकानं डोळे मिटायचे, दुसऱ्यानं पहारा द्यायचा. दहा मिनिटांनी बदली. पहिला पहारा कोण देणार?"

सहा हात वर गेले. तेव्हा बायकांनी डोळे मिटले.

दुसऱ्याच मिनिटाला ताईची मान भाऊजींच्या खांद्यावर कलंडली. तिसऱ्या मिनिटाला ती घोरू लागली. बदलीची घंटा झाली तरी ती उठली नाही. साडेचार वाजले, बाकीची जोडपी चपला हातात घेऊन निघून गेली, कॅप्टनही गेली. भाऊजींनी ताईला अलगद सतरंजीवर आडवं केलं आणि ते दाराशी येऊन उभे राहिले.

साडेचार ते सहा माझ्याकडे कराटेच्या क्लासचं बुकिंग असतं. तीस पोरं आणि एक सर, सगळे एकसाथ किंचाळणारे. मी घाईघाईनं म्हणालो, "भाऊजी, ताईला उठवा. क्लास आलाय."

त्यांनी माझं मनगट धरलं. "उठवायचं नाही."

"अहो, माझं बुकिंग आहे!"

"तुझी ताई झोपलीय."

तीस पोरं व्हरांड्यात गोळा झाली होती. भाऊजींनी ओठांवर बोट ठेवलं, हातानं दोन रांगा केल्या, बूट काढायला लावले आणि सगळ्यांना मागच्या अंगणात नेलं. मग सरांच्या कानाशी काहीतरी बोलले. त्या दिवशी माझ्या अंगणात मुका कराटे झाला. पोरं हवेत लाथा मारत होती आणि तोंडं नुसती उघडून मिटत होती. सर नंतर मला म्हणाले की पोरांनी इतकं मन लावून कधी केलं नव्हतं.

परत आल्यावर भाऊजी हळूच म्हणाले, "ती इतकी गाढ झोपते हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं तिची झोपच कमी."

मग मात्र माझा तोल गेला. "झोप कमी? तुम्ही बाहेरच्या खोलीत ओरडून उठता, म्हणून ती आत भिंतीला कान लावून पडते. तुमचा श्वास संथ झाला की तेवढ्यात एखादी डुलकी काढते. आठ वर्षं तिच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही, भाऊजी. घराचा पहारा तुम्ही देत होतात. तुमचा ती देत होती."

 भाऊजींनी टॉर्च खिशातून काढला, परत ठेवला, परत काढला. मला माझाच राग आला, पण बोललेलं परत घेता येईना.

पावणेसातला ताई जागी झाली आणि धडपडत उठून बसली. "अगंबाई! किती वाजले? हे कुठायत?"

"इथेच आहे," भाऊजी म्हणाले. "पहाऱ्यात काही घडलं नाही." मग म्हणाले, "तू लेकीकडे जा. उरलेल्या शनिवारांची वाट बघू नकोस. मी गाडीत बसवून देतो. गाडी खालून बघून घेतो आधी."

"कायमची?"

"झोप पुरी होईपर्यंत. ती पुरी व्हायला आयुष्य लागलं तर कायमची."

"आणि तुम्ही?"

"मी शनिवारी येत जाईन. कुणाची तरी बायको झोपेल, मी बसेन."

 ताईनं केस नीट केले आणि ती उठली. एक खुर्ची ओढून तिनं दाराकडे तोंड करून मांडली आणि ती तिच्यावर बसली. "तुमची पाळी राहिलीय. बसा इथे. मिटा डोळे."

भाऊजी सतरंजीवर बसले. डोळे मिटले आणि लगेच उघडले. त्यांना वाटलं असणार की ताई नेहमीसारखी त्यांच्याकडेच बघत असेल. ताई दाराकडे बघत होती.

"खरंच बघतेयस?"

"बघतेय. मिटा."

त्यांनी परत डोळे मिटले. या वेळी मिनिट झालं, दोन झाली. त्यांचे खांदे, जे मी इतक्या वर्षांत कधी खाली आलेले पाहिले नव्हते, ते हळूहळू खाली आले.  मी ताईच्या खुर्चीशी वाकून कुजबुजलो, "ताई, लेकीला काय कळवू?"

तिनं दारावरची नजर हलवली नाही.

"कळव, पंधरा दिवसांसाठी येते म्हणून. आणि आता गप्प बस. मी पहाऱ्यावर आहे."