पुडी चुकलीय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, खुटबावला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीलाही नाही — आणि तिला तर मी सगळंच सांगते. तुम्हाला का सांगतेय? तुमची माझी ओळख नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर जीभच उचलत नाही.

मी शिरूरजवळच्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. पांढरा कोट, लॅबमध्ये माझं स्वतःचं टेबल, नव्या पोरींना शिकवायचं काम. त्या पोरी घरी जाऊन सांगतात म्हणे — आमच्या मॅडमना पुडीच्या मागचे नुसते आकडे वाचून दाखवा, आत काय आहे ते बरोबर सांगतात. खरं आहे ते. सांगते मी. पण मला कुणी शिकवलं, असं एखादी विचारते तेव्हा मी हसते आणि म्हणते, सवयीनं येतं.

सवयीनं नाही आलं. सुमनताईंनी शिकवलं.

मी पॅकिंगला लागले तेव्हा लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. बारावी सायन्स झालेली, म्हणून थोडी तोऱ्यातच होते. सुमनताई केंदूरहून कंपनीच्या बसनं यायच्या. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या, शाळा सातवीपर्यंत. आम्ही दोघी एकाच मशीनवर समोरासमोर. त्या पुडी वजनाला लावायच्या, मी सील करायची.

त्यांच्या मालकांना शुगर होती. खूप होती. शिरूरच्या डॉक्टरांनी त्यांना एकदा रागावून सांगितलं होतं, घरात येईल ती प्रत्येक पुडी उलटी करून वाचा. आता वाचायचं कसं? मागं सगळं इंग्रजी. मग त्यांच्या लेकीनं त्यांना एका वहीच्या शेवटच्या पानांवर लिहून दिलं — कार्बोहायड्रेट म्हणजे भाकरी-भात, फॅट म्हणजे तेल-तूप, प्रोटीन म्हणजे डाळी-शेंगदाणे, सोडियम म्हणजे मीठ. बाई तेवढ्यावर वाचायला लागली. बिस्किटं, फरसाण, लोणचं, पापड — दुकानात उभ्या राहून वाचायच्या. दुकानदार वैतागायचा.

आणि मग त्यांना नादच लागला. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सात-आठ जणी झाडाखाली बसायचो. कुणाच्या तरी डब्याबरोबर एखादी पुडी असायचीच. मी पुडी मांडीवर पालथी धरायची, मागच्या नावावर अंगठा ठेवायची, आकडे वाचायची, आणि सगळ्यांनी ओळखायचं. फॅट शंभराच्या जवळ, बाकी सगळं शून्य — हे कुणीही ओळखील, तेल. पण प्रोटीन पंचवीस आणि सोडियम डोंगराएवढं म्हटलं की आम्ही एकमेकींची तोंडं बघायचो, आणि सुमनताई भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणायच्या, "उडदाचा पापड हाय की गं." अंगठा काढला की पापडच. कशावरून, विचारलं तर सांगायच्याही. प्रत्येक वेळी, न कंटाळता. कॅल्शियम एवढं आहे म्हणजे नाचणी. साखर कमी पण कार्ब जास्त, म्हणजे पीठ. माझं बारावी सायन्स त्या झाडाखाली खऱ्या अर्थानं झालं. हे मी आज म्हणतेय. तेव्हा म्हटलं असतं तर?

एका दुपारी माझ्या हातात आमच्याच कंपनीची नवी पुडी होती. नाचणीच्या पिठाचे दोन प्रकार निघणार होते — एक मुलांसाठी साखर घातलेलं, एक बिनसाखरेचं. पुड्यांचे नवे रोल त्याच आठवड्यात छापून आले होते. मी अंगठा धरला, आकडे वाचले. साखर एक ग्रॅम. कॅल्शियम भरपूर.

"नाचणी. बिनसाखरंची," सुमनताई म्हणाल्या.

मी अंगठा काढला, पुडी फिरवली. साखरेची होती. पुढं मोठ्या अक्षरांत गोड नाचणी लिहिलेलं, चमचा घेतलेल्या मुलीचं चित्र. सगळ्याजणी ओरडल्या — सुमनताई चुकल्या! पहिल्यांदा चुकल्या! टाळ्या पिटल्या. त्या हसल्या नाहीत. पुडी माझ्या हातातून घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"मी न्हाई चुकले," त्या म्हणाल्या. "पुडी चुकलीय."

मला कळायला वेळ लागला. दोन्ही पुड्यांचे मागचे तक्ते छापताना उलटसुलट झाले होते. गोड पुडीच्या मागं बिनसाखरेचे आकडे. त्यांच्यासारखी एखादी बाई दुकानात उभी राहील, मागचे आकडे वाचील, आणि विश्वासानं शुगरच्या माणसाला रोज वाटीभर खाऊ घालील. हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं — बाईचा रंग उतरला होता. माल भरून गोडाऊनला गेला होता आणि संध्याकाळी गाडी लागायची होती.

"ज्योती, तू जा. सायबाला सांग," त्या म्हणाल्या. "माझं कोन ऐकतंय? तुला नीट बोलता येतं."

मी गेले. क्वालिटीच्या सरांनी दोन्ही पुड्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि बघता बघता उठून उभे राहिले. गोडाऊनला फोन केला. गाडी थांबली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुझ्या कसं लक्षात आलं हे?"

मी काय म्हणावं? सुमनताईंनी ओळखलं — दोनच तर शब्द होते. मी म्हणाले, "वाचता वाचता आलं लक्षात, सर."

पुढच्या सोमवारी सगळ्या कामगारांसमोर मला बोलावलं, प्रमाणपत्र दिलं, आणि लॅबमध्ये घेतलं. कायम. झाडाखालच्या सगळ्याजणींना खरं माहीत होतं, पण कुणी बोललं नाही. सुमनताई पहिल्या रांगेत होत्या. टाळ्या वाजवत होत्या, अगदी मनापासून. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

हे वाईट आहेच. पण — मला सांगायचं होतं ते हे नाही. एवढंच असतं तर कदाचित बहिणीला सांगितलंही असतं. घाबरले, गडबडीत तोंडातून गेलं, असं म्हणता आलं असतं.

चार महिन्यांनी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. घाईत नव्हते. लॅबला आणखी एक बाई हवी होती, लेबलं तपासायला. शिक्षणाची अट नाही म्हणाले, नजर पाहिजे. "पॅकिंगला तुझ्यासारखी आणखी कुणी आहे का? तू सांगशील तिला घेऊ." आणि चहा मागवला.

विचार करायला वेळ होता मला. चहा येईपर्यंतचा वेळ होता. काचेतून पॅकिंग लाइन दिसत होती, सुमनताईंची पाठ दिसत होती. मी काय विचार केला सांगू? त्या लॅबमध्ये आल्या तर दोन दिवसांत सरांना कळेल, कुणी कुणाला शिकवलं ते. मी त्यांच्या बाजूच्या टेबलावर लहान दिसेन. बस, एवढाच विचार. पोटाचा प्रश्न नव्हता, नोकरी जाणार नव्हती.

मी म्हणाले, "नाही सर. बाकीच्यांना त्यातलं काही कळत नाही."

पुढच्या वर्षी पॅकिंगला बायका पुरवणारा ठेकेदार बदलला आणि जुन्या बायकांना कामावरून कमी केलं. सुमनताईही गेल्या. जाताना मला भेटायला लॅबच्या दारापर्यंत आल्या, आत आल्या नाहीत — आत टोपीशिवाय येत नाहीत, हे त्यांनी पाळलं. ती वही माझ्या हातात दिली. "तुला लागंल," म्हणाल्या.

लागली. दौंडला माझ्या वडिलांना शुगर निघाली तेव्हा घरात सगळे घाबरले होते. मी घाबरले नाही. आईला बसवून मी त्याच वहीतनं शिकवलं — भाकरी-भात, तेल-तूप, मीठ. वडील आज सत्तरीत आहेत आणि सकाळी मळ्यात चक्कर मारून येतात. माझं घर, माझ्या मुलीचं शिक्षण, लोक मला मॅडम म्हणतात ते — यातलं काय माझं एकटीचं आहे? देवापुढं हात जोडते तेव्हा पहिलं तोंड सुमनताईंचं येतं. रोज येतं. उपकार एवढे आहेत की आठवले तर डोळे भरतात, आणि ज्यांचे आहेत त्यांचं मी काय केलं तेही त्याच वेळी आठवतं.

या हिवाळ्यात मी केंदूरला गेले. सांगायचंच, असं ठरवून गेले. सुमनताईंनी लांबूनच ओळखलं. ओट्यावर चटई टाकली, बिनसाखरेचा चहा केला. त्यांचे मालक झेंडूची फुलं तोडून आले, माझ्या शेजारी बसले, चांगले धडधाकट. सुमनताई त्यांना म्हणाल्या, "हीच ती ज्योती. हिनं सायबाला सांगितलं म्हून त्या पुड्या थांबल्या. मी गेले असते तर मला दारातूनच हाकललं असतं."

त्या माझे आभार मानत होत्या. माझे.

मी कप खाली ठेवला. तोंड उघडलं. तेवढ्यात त्या आपल्या नादात, कसलाही संशय नसलेल्या आवाजात म्हणाल्या, "मला लई वाटायचं बघ, लॅबमंदी काम करावं. पर कंपनीनं आमच्यातलं पुन्हा कुनाला घेतलंच न्हाई, व्हय ना?"

"न्हाई घेतलं," मी म्हणाले.

निघताना त्यांनी पिशवी भरून वांगी दिली, वर झेंडूची फुलं. मी घेतली. फाट्यावर येऊन बसमध्ये बसले आणि शिरूरला परत आले. सुमनताईंना अजूनही वाटतं, कंपनीनं कधी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं. मला विचारलं होतं.